अर्थशास्त्राची पदवी : प्रवेशापूर्वी एवढे पाहा

विज्ञान शाखेला गुण कमी पडले म्हणून कला शाखा आणि कला शाखेत त्यातल्या त्यात बरा म्हणून अर्थशास्त्र, असा अनेकांचा प्रवास असतो. वस्तुतः हा विषय नाइलाजाने घेण्याचा नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१५ साली कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. आणि १९२३ साली लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. याच विषयात मिळविली. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा त्यांचा प्रबंध चलनाच्या प्रश्नावर आहे. असा विषय निवडताना त्याची वाट पुढे कोठे जाते, हे आधी जाणून घेणे अगत्याचे आहे.

पहिला मुद्दा गणिताचा. आपल्याकडे बी.ए. अर्थशास्त्राला बहुतेक महाविद्यालयांत बारावीच्या गणिताची अट नसते. त्यामुळे अकरावीतच गणिताला रामराम ठोकला जातो. त्याची किंमत पुढे मोजावी लागते. दिल्ली विद्यापीठाच्या बी.ए. (ऑनर्स) अर्थशास्त्रासाठी प्रवेश परीक्षेत गणिताचा पेपर द्यावा लागतो. एम.ए., एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी असलेल्या 'जॅम' परीक्षेत २०२१ पासून अर्थशास्त्राचा पेपर आहे. त्यातही गणित व संख्याशास्त्र विचारतात. राज्य मंडळाच्या कला शाखेतही गणित घेता येते. मात्र ती सोय कोणत्या महाविद्यालयात आहे, याची चौकशी आधी करावी.

दुसरा मुद्दा अभ्यासक्रमाचा. बी.ए. की बी.एस्सी., या नावावर जाऊ नये. सूक्ष्मलक्षी व समग्रलक्षी अर्थशास्त्र सगळीकडेच असते. संख्याशास्त्र, गणिती पद्धती आणि अर्थमिती किती शिकवितात, ते पाहावे. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० साली स्थापन झाली. तेथे आता बी.एस्सी. अर्थशास्त्रही आहे. बंगळुरूला डॉ. बाबासाहेबांच्या नावाने अर्थशास्त्राचे स्वतंत्र विद्यापीठ आहे. तेथे जाणे न जमल्यास जवळच्या महाविद्यालयात अर्थशास्त्राबरोबर संख्याशास्त्र घ्यावे.

तिसरा मुद्दा नोकरीचा. बँका, राज्यसेवा, विमा कंपन्या यांच्या बहुतेक परीक्षा कोणत्याही शाखेच्या पदवीधराला देता येतात. तेथे अर्थशास्त्राचा अभ्यास उपयोगी पडतो, पण केवळ त्या पदवीमुळे जागा मिळत नाही. 'अर्थतज्ज्ञ' म्हणून काम करावयाचे तर पदव्युत्तर शिक्षण जवळजवळ अनिवार्यच. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या भारतीय आर्थिक सेवेला अर्थशास्त्रातील पदव्युत्तर पदवी लागते. कनिष्ठ महाविद्यालयात शिकविण्यासाठी एम.ए.सोबत बी.एड., तर वरिष्ठ महाविद्यालयासाठी सर्वसाधारणपणे नेट, सेट किंवा पीएच.डी. लागते. म्हणून तीन वर्षांचा नव्हे, पाच वर्षांचा हिशेब मांडावा.

घरच्या परिस्थितीमुळे पाच वर्षे थांबणे ज्यांना शक्य नाही, त्यांनी एक गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी. भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षा संख्याशास्त्र हा एक विषय घेऊन पदवीधर झालेल्यास देता येते. कर्मचारी निवड आयोगामार्फत भरल्या जाणाऱ्या कनिष्ठ सांख्यिकी अधिकारी पदासाठी पदवीबरोबर बारावीला गणितात ६० टक्के गुण किंवा पदवीला संख्याशास्त्र हा विषय चालतो. म्हणजे टाकून दिलेला तोच विषय पदवीनंतर लगेच नोकरीचे दार उघडतो!

पालकांनाही विनंती आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारे पहिलेच मूल असते. त्याला हे सांगणारे घरात कोणी नसते. तेव्हा प्रवेश अर्ज भरण्यापूर्वी महाविद्यालयातून संपूर्ण अभ्यासक्रम मागून घ्यावा आणि तो एखाद्या जाणत्या प्राध्यापकाला दाखवावा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी जातीचा व उत्पन्नाचा दाखला वेळेवर काढून ठेवावा. गणिताची भीती वाटत असेल तर शिकवणीची सोय अकरावीपासूनच करावी. भीतीपोटी विषय सोडणे सोपे असते. पण चार वर्षांनी तो पुन्हा धरणे फार जड जाते.