आलेख जुळला, पण कारण?

१७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या एकतीस आठवड्यांत मुंबई बेटावर प्लेगने दर आठवड्याला किती माणसे दगावली, याचे आकडे उपलब्ध आहेत. सुरुवातीला आठवड्याला दहाएक मृत्यू होत होते. एप्रिलमध्ये हा आकडा नऊशेच्या घरात गेला आणि जुलैत पुन्हा वीस-तीसवर उतरला. एकूण बळी नऊ हजारांच्या जवळपास. मूळचे गोव्याचे असलेले डॉ. आकासिओ व्हिएगस यांनी सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेगचा रुग्ण ओळखला, तेव्हापासून हा रोग दरसाल मुंबईत परतत होता. त्यामुळे त्या वर्षीच्या आकड्यांत शहराला नवल वाटावे असे काही नव्हते.

नवल पुढे घडले. हेच आकडे १९२७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले, आणि सोबत त्यांच्यामधून जाणारी एक गुळगुळीत वक्ररेषा होती. लेखक दोन स्कॉटिश संशोधक. विल्यम केरमॅक रसायनशास्त्रज्ञ. १९२४ मध्ये एडिंबरोच्या प्रयोगशाळेतील स्फोटात त्यांची दृष्टी गेली होती. अँडरसन मॅकेंड्रिक हे इंडियन मेडिकल सर्व्हिसचे डॉक्टर. हिवतापाच्या संशोधनासाठी नोबेल मिळवणाऱ्या रोनाल्ड रॉस यांच्याबरोबर ते १९०१ मध्ये सिएरा लिओनला गेले होते. हिवतापाचा प्रसार समीकरणांत मांडण्याचा रॉस यांचा ध्यास मॅकेंड्रिक यांनी पुढे नेला.

दोघांच्या समीकरणामागची कल्पना मुळात रसायनशास्त्रातली. गुल्डबर्ग आणि वागे या नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी १८६४ मध्ये दाखवले होते, की दोन पदार्थांमधील अभिक्रियेचा वेग त्या दोघांच्या प्रमाणांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. कारण कण एकमेकांवर आदळले तरच अभिक्रिया होते. आता एका पदार्थाच्या जागी आजारी माणसे ठेवा आणि दुसऱ्याच्या जागी अजून लागण न झालेली. नव्या रुग्णांची संख्या या दोन गटांच्या गुणाकारावर ठरते. त्यातून बरे झालेले आणि दगावलेले वजा करत गेले, की साथीचा आलेख तयार होतो.

या साध्या हिशेबातून एक अनपेक्षित गोष्ट निघते. समजा, सुरुवातीला एक रुग्ण सरासरी दोघांना लागण करतो. निम्म्या लोकांना रोग होऊन गेला, की त्याला भेटणाऱ्या दोघांपैकी एकालाच लागण होऊ शकते. तिथून साथ उतरू लागते. उतरता उतरता ती आणखी बऱ्याच जणांना गाठते, पण सगळ्यांना नाही. सुमारे वीस टक्के लोक लागण न होता सुटतात. साथ विझण्यासाठी रोगाचा जोर कमी व्हावा लागत नाही किंवा माणसेही संपावी लागत नाहीत, हे त्यामुळे पहिल्यांदाच नीट हिशेबाने कळले. लसीकरणात किती टक्के लोकांना लस टोचली म्हणजे पुरे, हा हिशेबही याच कल्पनेवर उभा आहे.

पुढे असाच आकडेमोडीचा सांगाडा बाजारातही अवतरला. १९६९ मध्ये अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाचे फ्रँक बास यांनी फ्रीज, टीव्ही, वातानुकूलन यंत्रे अशा वस्तूंच्या खपासाठी समीकरण मांडले. काहीजण स्वतःहून नवी वस्तू घेतात, बाकीचे आधी घेतलेल्यांचे बघून. दुसऱ्या गटाची खरेदी म्हणजे इथेही गुणाकारच: ज्यांच्याकडे वस्तू आहे ते, गुणिले ज्यांच्याकडे नाही ते. त्यावरून बास यांनी रंगीत टीव्हीचा खप कधी शिखर गाठेल, याचा अंदाज बांधला होता.

आता मुंबईच्या आलेखातली गोम. त्या वक्ररेषेचे शिखर सतराव्या आठवड्यात, आठवड्याला ८९० मृत्यूंवर येते, आणि प्रत्यक्ष आकडे तिच्याभोवती छान बसतात. पण शहराची वस्ती तेव्हा नऊ लाखांच्या पुढे होती. म्हणजे दगावली ती शंभरांत जेमतेम एक व्यक्ती. माणसे संपत आली म्हणून साथ ओसरली, असे म्हणता येत नाही. मुंबईतल्या प्लेगचे खरे नाटक उंदरांत चालले होते. आधी घरात उंदीर पडायचे, मग त्यांच्या अंगावरच्या पिसवा माणसांकडे वळायच्या. हे केरमॅक-मॅकेंड्रिकही जाणून होते. माणसांतला प्लेग उंदरांतल्या प्लेगचे प्रतिबिंब आहे, आपली गृहीतके काटेकोरपणे पाळली जात नाहीत आणि म्हणून हे समीकरण ढोबळ आहे, असे त्यांनी निबंधातच नोंदवले आहे. फ्रेंच गणिती निकोला बाकाएर यांनी २०१२ मध्ये तोच आलेख पुन्हा तपासला. त्यांच्या मते त्यातून निघणारी मूल्ये वास्तवाला धरून नव्हती, आणि साथ ओसरण्यामागे ऋतुमानाचा मोठा हात होता. उन्हाळा वाढला की पिसवांमार्फत होणारा प्रसार मंदावतो. वक्ररेषा बरोबर होती, तिचे कारण चुकले होते.

कारण चुकले की पुढचे भाकीतही फसते. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने, खबरदारी पाळली तर फेब्रुवारी २०२१ पर्यंत कोरोनाची साथ आटोक्यात येईल, असा अंदाज दिला. त्यानंतर डेल्टा प्रकार पसरला, लोक सैलावले, आणि मे २०२१ च्या पहिल्या आठवड्यात देशात एका दिवसात चार लाखांहून अधिक रुग्ण नोंदवले गेले. जुन्या महिन्यांच्या आकड्यांवरून ठरवलेली मूल्ये नव्या विषाणूला लागू राहिली नाहीत.

रसायनातले रेणू बातम्या ऐकत नाहीत; माणसे ऐकतात आणि वागणे बदलतात. अर्थशास्त्रात ही अडचण रॉबर्ट लुकास यांनी १९७६ मध्ये मांडली: धोरण बदलले की लोकांच्या अपेक्षा बदलतात आणि जुन्या आकड्यांवर बेतलेले प्रारूप कोलमडते. पुढे लुकास यांना १९९५ चे नोबेल मिळाले. लोकांना काय वाटते, हेही मग मोजण्याचा विषय झाले. भारतीय रिझर्व्ह बँक घरोघरी सर्वेक्षण करून, पुढच्या तीन महिन्यांत आणि वर्षभरात महागाई किती होईल असे कुटुंबांना वाटते, ते विचारते. हे सर्वेक्षण ज्या शहरांत होते त्यांत मुंबई आणि नागपूरही आहेत, आणि सगळ्या उत्तरांचा मध्यक पतधोरण समितीच्या बैठकीत महागाईच्या चर्चेत विचारात घेतला जातो.