मालकाचा वेळ, कामगाराची भाकरी

आपल्या समाजातील तरुण आज केवळ नोकरीच्या मागे न लागता उद्योगधंद्याकडे वळत आहेत, ही आनंदाची बाब आहे. परंतु भांडवल उभे राहिले, ऑर्डरी मिळाल्या, तरी ‘वेळच पुरत नाही’ ही तक्रार बहुतेकांच्या तोंडी असते.

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात तथागतांनी आळशी माणसाच्या सहा सबबी दाखविल्या आहेत : फार थंडी आहे, फार ऊन आहे, फार उशीर झाला, अजून फार लवकर आहे, भूक लागली आहे, पोट भरले आहे. आजच्या उद्योजकाची सातवी सबब म्हणजे ‘मी फार कामात आहे!’

त्याच सुत्तात मालकाची पाच कर्तव्येही आहेत. कामगाराला शक्तीनुसार काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, चांगला पदार्थ वाटून खावा आणि योग्य वेळी सुट्टी द्यावी. म्हणजेच मालकाचा वेळ हा एकट्या मालकाचा नसतो. म्हणून कामांचा क्रम लावताना एकच प्रश्न विचारावा : हे काम आज राहिले तर त्याची किंमत कोण मोजणार?

एखाद्या वेल्डिंग वर्कशॉपचे उदाहरण घेऊ. पगार, कबूल केलेल्या दिवशी माल पोहोचविणे, भविष्य निर्वाह निधी लागू असल्यास पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत त्याचा भरणा, ही कामे सर्वांत आधी.

हिशेब, यंत्रांची देखभाल व थकबाकीची वसुली ही कामे महत्त्वाची असूनही ओरडत नाहीत, म्हणून मागे पडतात. २००६ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. पण तारखा पाहून पत्रच पाठविले नाही, तर कायदा कपाटातच राहतो आणि पगार लांबतो. या कामांसाठी सकाळचा पहिला तास राखून ठेवावा.

फोन व भेटीगाठींना ठरावीक वेळ द्यावी. जे काम दुसरा करू शकतो ते त्याच्यावर सोपवावे. मात्र कामासोबत अधिकारही द्यावा, नाहीतर तो दर पाच मिनिटांनी विचारायला येईल. उद्याची यादी आज संध्याकाळीच लिहावी.

विद्यार्थी मित्रांनीही ही सवय आतापासूनच लावून घ्यावी. वेळेवर मिळालेला पगार कामगाराच्या घरची चूल पेटवितो आणि मुलांची फी भरतो. आपल्या उद्योगाचे खरे यश तेच होय.

भवतु सब्ब मंगलं!