म्हाताऱ्या माणसाच्या हातचे दीड हजार रुपये



उसाचे चुकारे कोणाच्या खात्यावर जमा होतात, हे आम्ही तुम्हाला सांगायला नको. ज्याच्या नावे शेअर, ज्याच्या नावे उसाची नोंद, त्याच्या खात्यावर. यात गैर काही नाही. पण त्याचा एक परिणाम घराघरांत दिसतो. बापाने हयातीतच वाटणी केली, सातबारा पोरांच्या नावे चढला, की त्या दिवसापासून बापाच्या हाती रुपया येत नाही. मायच्या हाती तर आधीही येत नव्हता. जेवण मिळते, कपडा मिळतो, कोणी उपाशी ठेवत नाही. पण चष्म्याची दांडी मोडली तरी मागावे लागते, आणि मागितले की सून म्हणते, "मामाजी, बाजाराच्या दिवशी पाहू."

अशा माणसांना सरकारकडून दरमहा थेट खात्यात जी रक्कम येते, तिला कागदोपत्री अर्थसाहाय्य म्हणतात. गावात असे कोणी म्हणत नाही. "निराधारचा पगार आला का?" असेच विचारतात. आपल्या राज्यात संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० साली सुरू झाली. ती ६५ वर्षांच्या आतील निराधार, विधवा, अपंग वगैरेंसाठी आहे. ६५ नंतर श्रावणबाळ योजना. (श्रावणबाळाचे नाव दिले खरे, पण कावड सरकारच्या खांद्यावर आहे!) केंद्र सरकारची वृद्धापकाळाची योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली तेव्हा महिना ७५ रुपये मिळत. पुढे त्याचे २०० झाले, ते ८० वर्षांच्या आतील लोकांसाठी अजून २०० च आहेत. ८० नंतर ५००. राज्याने आपली भर घालून एकूण रक्कम २०१९ मध्ये ६०० वरून १००० आणि २०२३ मध्ये १५०० केली.

दीड हजारात घर चालत नाही, हे कबूल. दिवसाला पन्नास रुपये पडतात. मग त्याने असा काय फरक पडतो?

गेल्या वर्षी मौदा तालुक्यातील एका गावी आम्ही ऊस नोंदणीच्या कामाने गेलो होतो. ज्या ओसरीवर बसलो, त्या घरची आजी सत्तरीच्या पुढची. चहा आला. आजी हसून म्हणाली, "हे चायपत्ती माह्या पैशाची हाय बरं." पैशाचे काय करता म्हणून विचारले, तर तिने सगळा हिशेब तोंडपाठ सांगितला. पहिल्यांदा रक्तदाबाच्या गोळ्या. मग किराणा दुकानाची उधारी. नातीची वही-पेन, आणि बाजाराच्या दिवशी तिच्यासाठी फल्लीदाणे. बँकेचा मेसेज नातच मोबाईलवर वाचून दाखवते, दुसऱ्या कोणाला आजी तो वाचू देत नाही. पूर्वी गुडघा दुखला तर पोराला वेळ होईपर्यंत वाट पाहायची, दुखणे वाढले की मग दवाखाना. आता ती शेजारणीला घेऊन स्वतःच जाते.

तिच्या बोलण्यातली एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटली. दुकानदाराच्या वहीत तिच्या नावाचे वेगळे पान आहे. पोराच्या नावावर नव्हे, तिच्या नावावर. आपल्याला सोसायटी कर्ज देते ते उसाच्या भरवशावर. तिला दुकानदार उधार देतो तो पगाराच्या भरवशावर. म्हणजे सत्तरीनंतर त्या बाईला पत आली. पैशाची रक्कम लहान असली तरी पत लहान नसते. आणि म्हणूनच पैसे दोन-तीन महिने अडकले की ते फार लागते. गोळ्या बंद होतात, दुकानदाराचे तोंड वळते, आणि नंतर एकदम आलेले पैसे जसेच्या तसे उधारीत जातात. रकमेइतकीच तारीखही महत्त्वाची आहे, हे कचेरीत बसणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

हा अनुभव आपल्या एकट्याच्या मुलखाचा नाही. दक्षिण आफ्रिकेत १९९० नंतरच्या वर्षांत काळ्या म्हाताऱ्यांनाही गोऱ्यांच्या बरोबरीने पेन्शन मिळू लागले. त्याचा अभ्यास एस्थर डफ्लो या बाईंनी केला, ज्यांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. ज्या घरी पेन्शन आजीच्या हाती आले, तेथील लहान नातींचे वजन आणि उंची सुधारलेली आढळली. आजोबाच्या हाती आले तेथे असा फरक दिसला नाही. आजोबा मंडळींनी रागावू नये. पानठेल्यावर खर्ऱ्यात किती जाते, ते ज्याचे त्याला ठाऊक.

आता कामाचे. खाते म्हाताऱ्या माणसाच्या एकट्याच्या नावे असावे आणि त्याला आधार जोडलेले असावे. नाहीतर थेट येणारे पैसे अडकतात. एटीएम कार्ड पोराच्या खिशात असले, तर पगार पोराचाच झाला म्हणून समजा. जन्मभर मातीत काम केलेल्यांचे अंगठे मशीनवर उमटत नाहीत. तेव्हा दुसरी बोटे लावून पाहावीत, किंवा बँकेत जाऊन स्लिपवर पैसे काढावेत. पोस्टमनही मशीन घेऊन घरी येऊ शकतो. हयातीचा दाखला दरवर्षी द्यायचा असतो. तो राहिला की माणूस ओसरीवर बसलेला आणि कागदावर मेलेला.

अर्ज तहसील कचेरीत किंवा सेतू केंद्रात करावा. वयाचा पुरावा, १५ वर्षांचा रहिवास आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. उत्पन्नाची मर्यादा आहे वर्षाला २१,००० रुपये, म्हणजे महिन्याला १७५०. आजच्या महागाईत ही मर्यादा हास्यास्पद आहे, ती वाढवलीच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. पण ती आहे तोवर आपल्या बहुतेक सभासदांचे आई-वडील तीत बसणार नाहीत. खोटा दाखला काढण्याच्या भानगडीत कोणी पडू नये. पीएम किसानचे वर्षाचे ६००० रुपये १ फेब्रुवारी २०१९ रोजी ज्याच्या नावे जमीन होती त्याला मिळतात. बापाने त्याआधीच वाटणी केली असेल, तर तेही नाहीत.

मग अशा म्हाताऱ्यांचे काय? यावर आम्ही काही सभासदांशी बोललो. एकजण जरा चिडूनच म्हणाला, "घरात राहून वेगळे पैसे कायले पाहिजे? लोक म्हणतील, पोरं पाहत नाहीत." ही लाज खरी आहे. तिच्यापायी पात्र असलेली माणसेही निराधारचा अर्ज करत नाहीत. परंतु त्याच घरी आजीने आम्हाला बाजूला घेऊन विचारले की खाते उघडायला काय काय लागते.

हिशेब साधा आहे. जो सभासद ३०० टन ऊस घालतो, त्याने टनामागे ६० रुपये बाजूला काढले तर वर्षाचे १८,००० होतात. महिन्याचे दीड हजार. दर महिन्याच्या ठराविक तारखेला तेवढी रक्कम आपल्या खात्यातून आई-वडिलांच्या खात्यावर वळती करण्याची स्थायी सूचना बँकेला देता येते. एकच फॉर्म भरावा लागतो. चुकारे जमा होतील त्या आठवड्यात तो भरून टाकावा, आणि पासबुक व कार्ड त्यांच्याच पेटीत राहू द्यावे.