श्वास मोजणारी ताई



मेळघाटातल्या एखाद्या गावात पावसाळ्याच्या रात्री तान्ह्या बाळाला धाप लागते. धारणीहून अमरावतीचे मोठे रुग्णालय सुमारे दीडशे किलोमीटर दूर, आणि मधे परतवाड्यापर्यंत घाटाची वाट. गाडी मिळेपर्यंत सकाळ होते. अशा वेळी मोठे रुग्णालय असूनही उपयोगाचे ठरत नाही.

मग करायचे काय? याचे एक उत्तर विदर्भातच, गडचिरोलीत सापडले. न्यूमोनियात फुप्फुसे सुजतात, प्राणवायू कमी पडतो, म्हणून बाळ भरभर श्वास घेते. ही खूण गावातल्या बाईलाही ओळखता येते. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातील माणसांना श्वास मोजायला व प्रतिजैविक द्यायला शिकवले. तेथे न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू इतर गावांच्या तुलनेत निम्म्याहून कमी झाले. पुढे ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेतली गेली. तिसऱ्या वर्षी त्यांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी आढळले.

मेळघाटातही बैरागडला डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे यांनी, तर धारणीजवळ उतावलीला डॉ. आशिष सातव यांच्या ‘महान’ संस्थेने गावपातळीवरच्या उपचारांची वाट धरली. २०११पासून सरकारनेही हे काम आशाताईंकडे दिले. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला त्या ४२ दिवसांत सहा वेळा भेटतात, घरी जन्मलेल्याला सात वेळा.

आपणही हे लक्षात ठेवावे. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त श्वास भरले, तर त्याच दिवशी आशाताई किंवा आरोग्य केंद्र गाठावे. हगवण लागली तर लगेच ओआरएस सुरू करावे: एक लिटर स्वच्छ पाण्यात एक मोठी पुडी. अंगावरचे दूध चालू ठेवावे आणि झिंकच्या गोळ्या १४ दिवस पूर्ण द्याव्यात.

परंतु बाळ दूध ओढत नसेल, छाती आत खेचली जात असेल, झटके येत असतील किंवा ते सुस्त पडले असेल, तर घरी थांबू नये. पोटावर डंबा देण्यात वेळ घालवू नये. १०८ला फोन करावा.

गावातच वेळेवर उपचार झाले, तर पुष्कळ आईबापांची ती रात्रीची धावपळ, मोडलेली मजुरी आणि गाडीभाड्याचे कर्ज टळते. ज्या बाळाला खरोखर रुग्णालय हवे, तेही वेळेत पोहोचते.

आपण गावभेटीला जाल, तेव्हा तान्हे बाळ असलेल्या घरी थोडे थांबा. आशाताई आल्या होत्या का, एवढे विचारा. आल्या नसतील, तर त्यांना निरोप द्या. आणि या ताईंना आपल्या प्रार्थनेत आठवा.