मयाल वाकली म्हणजे लाकूड गेलं का?

यवतमाळ जिल्ह्यात सागावरचा विश्वास सहजासहजी ढळत नाही. पांढरकवडा, घाटंजी, पुसद, उमरखेड, कुठंही जा, जंगल सागाचं आणि जुन्या घरातलं आडं, खांब, मयाली (तुळया), दारं हेही सागाचंच. त्यामुळे मयालीला मधोमध झोल पडलेला दिसला की लोक दोनपैकी एक काहीतरी म्हणतात. एक तर हा साग अस्सल नव्हता, किंवा लाकूड आतून सडलं, काढा आणि लोखंडी गर्डर टाका. पण नुसत्या झोलावरून यातलं काहीच सिद्ध होत नाही. उत्तम सागही कायमचा वाकतो. ते काम ओझं, काळ आणि ओल यांचं असतं, किडीचं किंवा कुजीचं नव्हे. हा फरक न कळल्यामुळे दोन-दोन पिढ्या टिकलेलं लाकूड जळतणाच्या भावानं जातं, याची मला खंत वाटते.

सागाची ख्याती खोटी नाही, फक्त ती वेगळ्या गुणांची आहे. त्याच्या गाभ्याला वाळवी आणि बुरशी सहसा लागत नाही. ओलं लाकूड पूर्ण सुकताना साग त्रिज्येच्या दिशेनं साधारण 2.5 टक्के आणि वर्तुळांच्या दिशेनं 5.8 टक्के आकसतो. हे आकडे इतके कमी आहेत की सागाची दारं पावसाळ्यात क्वचितच अडकतात. मात्र फुगणं-आकसणं वेगळं आणि ओझ्याखाली वाकणं वेगळं. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेनं सागाला 100 मानून इतर भारतीय लाकडांची तुलना केली, तेव्हा ताठपणात सालवृक्षाचं लाकूड सागाच्या पुढे निघालं. शिवाय कोणतंही लाकूड ओझं ठेवताक्षणी जेवढं वाकतं, तेवढ्यावर थांबत नाही. ओझं कायम राहिलं तर ते वर्षानुवर्षं अगदी हळू वाकत राहतं. अमेरिकी आराखड्यांत म्हणूनच कायमच्या भाराखालचा बाक सुकवलेल्या लाकडासाठी दीडपट आणि ओल्यासाठी दुप्पट धरतात. आपल्याकडचं आयएस 883 हे मानक कौलांसारख्या ठिसूळ वस्तू पेलणाऱ्या तुळईला गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) 1/360 इतकाच बाक मान्य करतं. 3.6 मीटरच्या गाळ्याला तो 10 मिलिमीटर होतो. लाकूड ओलं असतानाच चढवलं, तर पहिल्या दिवशीचे हे 10 मिलिमीटर पुढे 20 होतात आणि खाली उभ्या माणसाला नुसत्या डोळ्यांनी दिसतात. सागाच्या अस्सलपणाचा इथं काही संबंधच येत नाही.

वऱ्हाडातल्या धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छपराच्या, घरात तर हे सारं जास्तीच घडतं. एक फूट जाडीच्या मातीच्या थराचं वजन दर चौरस मीटरला साडेचारशे ते पाचशे किलो भरतं, तेही कोरड्या दिवसांत. कवेलूचं छप्पर त्या मानानं फारच हलकं. मयाल थोडी वाकली की वरच्या धाब्यात खळगा पडतो, त्यात पावसाचं पाणी साचतं, आणि पुढच्या वर्षी मृगाआधी तो खळगा पांढऱ्या मातीनं भरून काढला जातो. म्हणजे नेमकं जिथं लाकूड आधीच वाकलंय, तिथंच ओझं वाढत जातं. यात हवामानाचीही भर पडते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात असतो, लाकूड पार कोरडं होतं, आणि जून-जुलैत तेच हवेतली ओल शोषून घेतं. ओझ्याखालच्या लाकडात ओल अशी कमी-जास्त होत राहिली, तर ते एकसारख्या ओलीतल्या लाकडापेक्षा पुष्कळ जास्त वाकतं, हे ऑस्ट्रेलियातल्या आर्मस्ट्राँग आणि किंग्स्टन यांनी 1960 मध्ये प्रयोगातून दाखवलं. ओल आत-बाहेर होताना लाकडाच्या तंतूंना धरून ठेवणारे बंध सुटतात आणि थोड्या सरकलेल्या जागी पुन्हा जुळतात. ते मूळ जागी परत येत नाहीत, म्हणून बाक कायमचा होतो.

यावर एक रास्त आक्षेप आहे: जुन्या वाड्यांतल्या तुळया शंभर वर्षांनीही सरळ कशा? त्या जाड होत्या आणि जवळजवळ टाकलेल्या होत्या, हे खरं कारण. चौकोनी तुळईची उंची दुप्पट केली की बाक आठव्या हिश्शावर येतो. मुळातला बाक 3 मिलिमीटर असेल, तर तो दुप्पट होऊनही कुणाच्या नजरेत भरत नाही. शिवाय ज्या तुळया फार वाकल्या त्या केव्हाच काढल्या गेल्या. आपण पाहतो त्या उरलेल्या. दुसरा आक्षेप असा, की आताचा लागवडीचा साग कच्चा असतो. यात थोडं तथ्य आहे. कोवळ्या झाडात गाभा कमी आणि पांढरं लाकूड जास्त असतं, आणि पांढऱ्याला वाळवी लागते. पण झाड भराभर वाढलं म्हणून लाकूड पोकळ झालं, हा हिशेब सागाला लागू पडत नाही. सागात मोठी छिद्रं प्रत्येक वर्तुळाच्या सुरुवातीलाच असतात, त्यामुळे वर्तुळ रुंद झालं तरी लाकूड हलकं होतंच असं नाही. खरा घोटाळा सुकवण्यात आहे. आज चिरलेलं लाकूड उद्या चढवलं जातं.

ताकदीचं काय? कायमचं ओझं लाकडाची ताकदही कमी करतं, हे नाकारता येत नाही. पण आयएस 883 मध्ये त्याची सोय आधीच आहे: क्षणिक भारासाठी जेवढा ताण चालतो, त्याच्या निम्माच कायमच्या भारासाठी मान्य केला जातो. तेव्हा बाक स्थिर असेल तर मयाल काम करतेय, असं समजायला हरकत नाही. घाबरायचं ते बाक दरवर्षी आधीपेक्षा वेगानं वाढत असेल तेव्हा, खालच्या अंगाला रेषांना छेदणारी आडवी चीर दिसेल तेव्हा, आणि भिंतीत गेलेलं टोक ओलं राहून भुसभुशीत झालं असेल तेव्हा. उभ्या, रेषांबरोबर जाणाऱ्या चिरा बहुधा सुकण्याच्या असतात. पेचकस भिंतीलगतच्या टोकाला टोचून पाहावा. लाकूड मधोमध वाकलं तरी सडतं ते बहुतेक टोकालाच.

नव्या पदार्थांनी हा प्रश्न सुटतो, असंही समजू नये. घराबाहेरचं एक उदाहरण घ्या: डिंगी या छोट्या शिडाच्या होड्यांची डोलकाठी आता कार्बन फायबरची करतात, आणि ती कधीच कायमची वाकत नाही असा समज आहे. कार्बनचे तंतू खरोखरच फारसे सरकत नाहीत. पण त्यांना चिकटवून ठेवणारी इपॉक्सी राळ सरकते. साध्या तापमानाला कडक झालेली राळ 50-60 अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडू लागते, आणि उन्हातली काळी नळी त्याहून जास्त तापू शकते. ताणलेली काठी तशीच उन्हात ठेवली, तर बाक घर करतो. राळ नीट भाजून घेतली, तंतू लांबीच्या दिशेनं पुरेसे घातले, वर पांढरा रंग दिला, की धोका पुष्कळ कमी होतो. काही काठ्या तर साच्यातूनच वाकड्या निघतात आणि दोष वापरणाऱ्यावर येतो. जन्मजात बाक असलेल्या बल्लीचंही असंच होतं.

राहिला प्रश्न सरळ करण्याचा. ओझं काढल्यावर बाकाचा काही भाग लगेच जातो, काही हळूहळू जातो, आणि बाकीचा कधीच जात नाही. जॅक लावून एका दिवसात मयाल वर रेटणं म्हणजे ती मोडायला बसणं. मयाल काढून, बाक वर येईल अशी उलटी बसवता येते, पण आधी गाठी पाहाव्यात, कारण वरच्या गाठी खाली आल्या की ताण त्यांच्यावर येतो. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे आधी धाब्यावरची जादा माती उतरवायची आणि मग मधोमध एक खांब द्यायचा. गाळा निम्मा झाला की त्याच ओझ्याचा बाक सोळाव्या हिश्शाच्याही खाली येतो. मात्र खांब थेट काळ्या मातीवर उभा करू नये. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांबाला वर-खाली करते. मुरूम लागेपर्यंत खोदून, दगड बसवून त्यावरच खांब उभा करावा.