मॉलची नोकरी : धरावी की सोडावी?

बारावीचा निकाल लागला की आमच्या वस्तीतल्या विहाराच्या अभ्यासिकेत एक प्रश्न हमखास येतो. "ताई, सुपरमार्केटमध्ये भरती चालू आहे. लागू का?" विचारणारी मुलगी बहुतेक वेळा घरातली थोरली असते. वडील नाक्यावर कामाला उभे राहतात, आई चार घरची धुणीभांडी करते, धाकट्या भावाची फी थकलेली असते. यंदा एकीने विचारलं तेव्हा तिचा बी.ए.चा अर्ज भरून तयार होता. तिला एका शब्दात हो किंवा नाही म्हणणं मला जमलं नाही. तिच्याशी जे बोलले, ते तिच्यासारख्या सगळ्यांसाठी इथे मांडते.

आधी जमेची बाजू

या नोकरीला नाकं मुरडू नका. आपल्या आजी-आजोबांना गावच्या वाण्याच्या दुकानात पायरीखाली उभं राहावं लागायचं, सामान वरून टाकलं जायचं. त्यांचीच नात आज काउंटरवर बसून तांदूळ, तेल, तुपाचं बिल करते आणि रांगेतलं गिऱ्हाईक तिची जात विचारत नाही. समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला हा बदल छोटा वाटत नाही.

दुसरं म्हणजे, पगार ठरलेल्या तारखेला बँकेत जमा होतो. नाक्यावरच्या मजुरीला ही खात्री नाही. बहुतेक साखळी दुकानांत भविष्य निर्वाह निधी म्हणजे पीएफ लागू असतो. त्यात मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के तुमचे कापले जातात आणि तेवढेच मालकाला भरावे लागतात. महिन्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ईएसआय मिळतो. त्यासाठी तुमच्याकडून फक्त ०.७५ टक्के जातात, मालकाकडून ३.२५ टक्के. या कार्डावर तुमच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांचेही उपचार होतात. ज्या घरात एका आजारपणाने सावकाराचं दार दाखवलं, त्या घराला याची किंमत कळते.

तिसरं, शिकायला मिळतं. अनोळखी माणसाशी नीट बोलणं, संगणकावर बिल करणं, मालाचा हिशोब ठेवणं आणि चिडलेल्या गिऱ्हाइकापुढे शांत राहणं, हे पुढे कुठेही कामाला येतं.

आता दुसरी बाजू

काम उभ्याने असतं. आठ-नऊ तास उभं राहून पाय सुजतात, शिरा फुगतात, कंबर धरते. केरळमध्ये कापड दुकानांतल्या बायकांनी दुकानात बसायला मिळावं म्हणून वर्षानुवर्षं लढा दिला. २०१८ मध्ये तिथल्या सरकारला कायदा बदलून बसण्याची सोय बंधनकारक करावी लागली. तमिळनाडूनेही २०२१ मध्ये तसा कायदा केला. साधं स्टूल मिळवायलासुद्धा संघटना लागते, ती अशी.

सुट्टीचंही तसंच. जगाला सुट्टी असते तेव्हा दुकानात गर्दी असते, म्हणून रविवार आणि सणावाराला रजा मिळत नाही. १४ एप्रिलला मिरवणूक बाहेरून जाते आणि आपली मुलं आत शेल्फ लावत असतात. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला ८ भरपगारी सुट्ट्या आहेत. त्यातल्या ४ ठरलेल्या आहेत : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. उरलेल्या ४ मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या असतात. म्हणजे १४ एप्रिल मागता येतो. पण एकट्याने मागून चालत नाही, चौघांनी मिळून वर्ष सुरू व्हायच्या आधी मागावा लागतो.

नोकरीचा भरवसाही पक्का नसतो. मोठ्या पाटीखाली काम करणारे अनेक जण प्रत्यक्षात एजन्सीच्या पेरोलवर असतात. पाटी मोठी असली तरी ती टिकेलच असं नाही. २००१ मध्ये सुरू झालेलं, घराघरात पोचलेलं बिग बझार २०२२ मध्ये बंद पडलं.

वरचा जिना कुणासाठी?

मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना काम मिळायचं, पण जास्त पगाराच्या विणकाम खात्यात घेत नसत. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागायचा, म्हणून विटाळाचं कारण पुढे केलं जायचं. गिरणीचं फाटक उघडं होतं, आतलं दार बंद होतं. बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार चळवळीपुढे ठामपणे मांडला होता.

आज विटाळाचं नाव कुणी घेत नाही. पण खासगी क्षेत्रात आरक्षण नाही आणि वरच्या जागा बऱ्याचदा ओळखीने भरतात. डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा २००७ मधला अभ्यास आठवा. सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खासगी कंपन्यांना पाठवले, तर दलित आडनावाच्या अर्जांना मुलाखतीची बोलावणी कमी आली. ते अर्ज पदवीधरांच्या जागांसाठी होते. पदवी हातात असूनही ही गत, तर पदवी सोडून फ्लोअरवर गेलेली मुलगी स्टोअर मॅनेजर कशी होणार?

लागायचं ठरवलंत तर

नेमणूक पत्र हातात घेतल्याशिवाय कामाला उभं राहू नका. त्यावर दुकानाचं नाव आहे की एजन्सीचं, ते वाचा. दर महिन्याची पगाराची स्लिप जपून ठेवा. पीएफचा यूएएन क्रमांक मागून घ्या आणि उमंग अ‍ॅपवर पैसे खरंच जमा होतात का, ते बघा.

कामाचे तास वहीत लिहा. २०१७ च्या कायद्यात दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा १० तासांवर न्यायला मंजुरी दिली. म्हणून आठवड्याची बेरीजही ठेवा. जादा कामाला दुप्पट दराने पैसे मिळायला हवेत. माल कमी भरला म्हणून पगारातून पैसे कापले, तर लेखी कारण मागा.

आणि शिक्षण सोडू नका. नियमित कॉलेज जमत नसेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात नाव घाला. शिफ्ट ठरवतानाच परीक्षेच्या तारखा सांगून ठेवा. ही नोकरी किती वर्षं करायची ते पहिल्याच दिवशी ठरवा आणि घरी सांगा. नाहीतर दोनाची दहा वर्षं कधी होतात, ते कळत नाही.

त्या मुलीने नोकरी धरली आणि बी.ए.चा अर्जही भरला, मुक्त विद्यापीठाचा. पहिली स्लिप घेऊन ती विहारात आली, तेव्हा आम्ही दोघींनी मिळून ती ओळ न् ओळ वाचली. ईएसआयचे पैसे कापले होते, पण कार्ड दिलं नव्हतं. तिने दुसऱ्या दिवशी मागितलं. तिच्याबरोबर लागलेल्या आणखी तिघींनीही मागितलं.

तुमच्या वस्तीत अशा नोकरीतली मुलं-मुली असतील, तर महिन्यातून एक रविवार वंदनेनंतर अर्धा तास स्लिपा वाचायला बसा. रविवारी शिफ्ट असेल तर बुधवारी बसा, पण बसा.

जय भीम!