काडतुसांचा हिशेब

भांडारातून एखादी नवी वस्तू मागितली की वरिष्ठांचा पहिला प्रश्न हटकून येतो : 'एवढे हाती दिले तर उधळपट्टी होणार नाही कशावरून?' हा प्रश्न काटकसरीचा वाटतो. परंतु त्यामागे पुष्कळदा वस्तू वापरणाऱ्याविषयीचा अविश्वास दडलेला असतो. काळ्या दारूच्या काळातील पहिल्या लष्करी बहुबारी रायफलींचा, म्हणजे एकदा भरून लागोपाठ अनेक बार काढता येणाऱ्या रायफलींचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेव्हा बहुतेक सैनिकांच्या हाती ठासणीची बंदूक होती. सराव झालेला शिपाई तिच्यातून मिनिटाला दोन-तीन बार काढी. ख्रिस्तोफर स्पेन्सरने १८६० मध्ये पेटंट घेतलेल्या रायफलीच्या दस्त्यात मात्र सात काडतुसे मावत. चापाभोवतीची कडी खाली ओढून वर घेतली की रिकामे टरफल बाहेर पडे आणि नवे काडतूस आत बसे. मग घोडा तेवढा हाताने ओढावा लागे. शस्त्रखात्याचे प्रमुख जेम्स रिप्ली यांनी या रायफलीविषयी नाखुशीच दाखविली. त्यांची बाजू अगदीच पोकळ होती असे नव्हे. रायफल महाग आणि वजनदार होती. तिचे काडतूसही निराळे होते. दहा प्रकारची काडतुसे आघाडीवर पुरविणे हे कोणत्याही खात्याला संकटच! तथापि कर्नल जॉन वाइल्डर यांच्या ब्रिगेडमधील सैनिकांनी स्वतःच्या पगारातून पैसे फेडण्याची हमी देऊन या रायफली मागविल्या, आणि जून १८६३ मध्ये हूव्हर्स गॅपच्या लढाईत त्यांची उपयुक्तता सिद्ध केली. सरकारने पुढे ती किंमत स्वतः भरली.

खरी मर्यादा सैनिकाच्या उधळेपणात नव्हती. ती दारूत होती. सोरा, कोळसा व गंधक यांच्या या मिश्रणाचा जळल्यानंतर निम्म्याहून अधिक भाग घनरूपात उरतो. काही भाग दाट पांढऱ्या धुराच्या रूपाने पसरतो, उरलेला काजळी होऊन नळीत चिकटतो. भराभर बार काढणाऱ्याला थोड्याच वेळात समोरचे दिसेनासे होई. आजही हौशी नेमबाज या जुन्या रायफली चालवितात, तेव्हा काजळी साठून नेम बिघडतो, आणि नळी पाण्याने धुतली नाही तर ती गंजते. शिवाय नळीसारख्या भांडारात एकेक काडतूस सरकवून ते पुन्हा भरण्यास वेळ लागे.

म्हणजे वेगाची किंमत केवळ रायफलीत नव्हे, तर पुरवठ्यात मोजावी लागे. १८७७ मध्ये प्लेव्हना येथे तुर्कांनी दूरच्या माऱ्यासाठी एकबारी पीबॉडी-मार्टिनी आणि जवळच्या माऱ्यासाठी विंचेस्टर वापरल्या. खंदकात काडतुसांच्या पेट्या हाताशी होत्या, म्हणूनच त्या वेगाला अर्थ आला. रशियनांचे हजारो सैनिक तेथे कामी आले.

एवढे घडूनही अविश्वास गेला नाही. १८८८ साली ब्रिटनने स्वीकारलेली ली-मेटफर्ड रायफल प्रारंभी काळ्या दारूवरच चाले. तिच्यात आठ काडतुसांचे भांडार होते. पण ते बंद ठेवणारी एक पट्टीही होती! शिपायाने एकेक काडतूस हाताने घालावे आणि भांडार आणीबाणीसाठी राखावे, अशी ही योजना. १८५७ नंतर हिंदी पलटणींच्या हाती गोऱ्यांपेक्षा एक पिढी मागची शस्त्रे देण्याचे धोरण तर उघडच होते. १८९७ च्या तिराह मोहिमेत गोऱ्या पलटणींजवळ ली-मेटफर्ड आणि धूररहित काडतुसे होती. हिंदी शिपाई मात्र प्रामुख्याने एकबारी मार्टिनी-हेन्री घेऊन त्याच डोंगरांत लढत होते, आणि प्रत्येक बारासरशी निघणारा धूर त्यांची जागा शत्रूला दाखवीत होता.

काटकसर हा सद्‌गुण आहेच. परंतु वाचलेल्या काडतुसांची नोंद वहीत होते. ती वाचविण्यापायी कोणी काय सोसले, याला वहीत रकाना नसतो. साधने नाकारणाऱ्या प्रत्येक टिपणावर सही करण्यापूर्वी एवढे तरी आठवावे.